लोकलचा माल, एक्सपोर्टचा माल

२०२५ च्या मे महिन्यात पुण्याच्या मार्केट यार्डातल्या व्यापाऱ्यांनी तुर्कस्तानचं सफरचंद मागवायचं बंद केलं. ऑपरेशन सिंदूरच्या वेळी तुर्कस्तान उघडपणे पाकिस्तानच्या बाजूने उभा राहिला होता, त्याचा राग गाळ्यागाळ्यांत होता. सफरचंदाला कीड आहे, त्यावर मेण चोपडलेलं असतं, असलं काही कोणी म्हणालं नाही. तुमचं फळ नको, कारण तुम्ही आमच्या वैऱ्याच्या पंगतीला बसलात. विषय संपला. अशा बहिष्कारांनी परराष्ट्र धोरणं बदलतात यावर माझा फारसा विश्वास नाही, पण त्यातला सरळपणा मला आवडला. सरकारांना एखाद्या देशाचा राग आला की तो असा बोलून दाखवता येत नाही. मग त्यांना त्या देशाच्या फळात अळी दिसू लागते, माशात किरणोत्सर्ग दिसू लागतो, वाईनमध्ये कीटकनाशक सापडतं.

माशाची गोष्ट ताजी आहे. फुकुशिमाच्या अणुभट्टीतलं प्रक्रिया केलेलं पाणी जपानने २४ ऑगस्ट २०२३ पासून समुद्रात सोडायला सुरुवात केली आणि त्याच दिवशी चीनने जपानी मासळीची आयात सरसकट थांबवली. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने जुलैमध्येच अहवाल देऊन सांगितलं होतं की ही योजना सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय निकषांना धरून आहे. चीनला ते पटलं नाही. न पटण्याचा त्याला हक्क आहे. शेजारच्या समुद्रात असं काही सोडलं जात असेल तर कोणीही धास्तावेल. जून २०२५ मध्ये दोघांचे संबंध जरा सैल झाले, तेव्हा चीनने जपानच्या बऱ्याचशा भागांतली मासळी पुन्हा घ्यायची तयारी दाखवली. नोव्हेंबरात जपानच्या नव्या पंतप्रधान साने ताकाइची संसदेत तैवानबद्दल बोलल्या आणि दोन आठवड्यांच्या आत मासळी पुन्हा बंद. कारण सांगितलं गेलं ते अपुऱ्या तांत्रिक कागदपत्रांचं, पण चीनच्या परराष्ट्र खात्याने त्याच दमात ताकाइचींच्या विधानाचाही उल्लेख केला. समुद्र तोच, मासा तोच. मधल्या काळात बदललं ते एक भाषण.

हे चीनचं जुनं वळण आहे. २०१० मध्ये चिनी तुरुंगातले बंडखोर लेखक लिऊ श्याओबो यांना नॉर्वेत दिलं जाणारं शांततेचं नोबेल मिळालं आणि नॉर्वेचा सामन मासा चिनी बंदरांवर तपासणीच्या नावाखाली सडू लागला. दोन्ही देशांचं पुन्हा जमायला डिसेंबर २०१६ उजाडला. रशियाने २००६ मध्ये जॉर्जियाची वाईन, पाठोपाठ बोर्जोमीचं प्रसिद्ध खनिजपाणी बंद केलं. कारण आरोग्याचं, आणि जॉर्जियाचं सरकार तेव्हा पश्चिमेकडे झुकलेलं. गंमत म्हणजे रशियाचं हक्काचं गिऱ्हाईक गेल्यावर जॉर्जियाच्या वाईनवाल्यांना इतर देशांच्या पसंतीला उतरावं लागलं आणि त्यांची वाईन सुधारली.

अशी चार उदाहरणं वाचली की वाटतं, अन्नसुरक्षेचा आक्षेप म्हणजे नुसतं राजकारण. वर्तमानपत्रांतून, विशेषतः व्यापारकरारांचा मोसम असला की, हे मत बऱ्याच वेळा वाचायला मिळतं. पण ही समजूत बलाढ्य निर्यातदारांच्या फार सोयीची आहे. कारण राजकारण दोन्ही दिशांनी चालतं. राग आला की चांगल्या मालात दोष काढला जातो. तसंच, मैत्री हवी असली की शंकास्पद मालातला दोष पोटात घातला जातो.

दक्षिण कोरियाने २००८ मध्ये नेमकं हेच केलं. अमेरिकेत मॅड काऊ रोग आढळल्यावर, डिसेंबर २००३ पासून, कोरियाने अमेरिकन गोमांस थांबवलं होतं. मधल्या काळात थोडी ये-जा झाली, पुन्हा अडली. एप्रिल २००८ मध्ये नवे अध्यक्ष ली म्युंग-बाक अमेरिकेचे अध्यक्ष बुश यांना भेटायला कॅम्प डेव्हिडला निघाले आणि भेटीच्या काही तास आधी कोरियाने बाजार उघडण्याच्या करारावर सही केली. पाहुण्याने यजमानाकडे जाताना रिकाम्या हाताने जाऊ नये, तसं. लोकांना ते कळायला वेळ लागला नाही. मे महिन्यात शाळकरी मुली मेणबत्त्या घेऊन सोलच्या रस्त्यांवर उतरल्या, १० जूनपर्यंत त्याचा महासागर झाला, अध्यक्षांना दोनदा जाहीर माफी मागावी लागली. शेवटी तीस महिन्यांखालच्याच जनावरांचं मांस घ्यायचं असं ठरलं. त्या आंदोलनात अफवा भरपूर होत्या, गोमांस खाल्लं की मेंदूची चाळण होणारच असं मुलं एकमेकांना सांगत होती. तरीही मला आंदोलकांचं मूळ म्हणणं बरोबर वाटतं. धोका किती, हा त्यांचा प्रश्न नव्हताच. आमच्या ताटातला धोका तुम्ही कोणाला विचारून भेट म्हणून दिलात, हा होता.

मग विज्ञानाला विचारा, असं म्हणावं, तर तिथलाही एक किस्सा सांगतो. रॅक्टोपामिन नावाचं एक औषध डुकरांच्या खाद्यात मिसळतात, त्याने चरबी कमी आणि मांस जास्त भरतं. अमेरिकेत चालतं, युरोप, चीन, रशियाला चालत नाही. मांसात त्याचा अंश किती चालेल हे ठरवायला कोडेक्स ही जागतिक अन्नमानकांची संस्था वर्षानुवर्षं घोळ घालत बसली आणि जुलै २०१२ मध्ये अखेर मतदान झालं. ६९ विरुद्ध ६७. दोन मतांनी एक आकडा जगाचं विज्ञान झाला. त्याच आकड्याचा आधार घेऊन तैवानच्या साय इंग-वेन सरकारने जानेवारी २०२१ पासून रॅक्टोपामिनवालं डुकराचं मांस आत येऊ दिलं, कारण अमेरिकेशी व्यापारकरार हवा होता आणि चीनच्या सावलीत राहणाऱ्या बेटाला अमेरिका दुखावणं परवडत नाही. विरोधकांनी संसदेत डुकराची आतडी फेकली. डिसेंबर २०२१ मध्ये सार्वमत झालं, त्यात बंदीची मागणी हरली. तैवानने निदान लोकांना विचारलं तरी.

इथून आता घरी येतो, कारण माझं खरं भांडण घरात आहे.

फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू निघाला. देशातला तो पहिला. त्या भागातल्या पोल्ट्रीवाल्यांनी खड्डे खणून लाखो कोंबड्या पुरल्या, राज्यभर लोकांनी चिकन सोडलं, पोल्ट्रीवाले रस्त्यावर फुकट चिकन वाटून स्वतः खाऊन दाखवत होते, हे अनेकांना आठवत असेल. तेव्हा सरकारने जी कृतियोजना केली तिच्यात रोगाच्या जागेभोवती दहा किलोमीटरचा घेर आखायचा आणि निर्बंध त्या घेरात लावायचे असं होतं. ते शहाणपणाचं होतं. नवापूरला रोग निघाला म्हणून कोइमतूरची कोंबडी मारायचं काही कारण नाही.

पण पुढच्याच वर्षी, २००७ मध्ये, आपण परदेशांसाठी वेगळा नियम केला. एखाद्या देशात कुठेही बर्ड फ्लू निघाला, मग तो सौम्य प्रकारचा का असेना, की त्या सबंध देशाची कोंबडी-अंडी बंद. यातली खरी गोम पोल्ट्रीवाल्यांना ठाऊक होती. अमेरिकेतल्या लोकांना कोंबडीची छाती आवडते, तंगड्या उरतात. त्या उरलेल्या गोठवलेल्या तंगड्या मिळेल त्या भावाने जगभर विकल्या जातात. त्या इथे आल्या तर नाशिक-पुण्यापासून तमिळनाडूतल्या नामक्कलपर्यंत पोल्ट्री बसली. आपण शंभर टक्के आयातशुल्क लावलं होतंच, त्यावर रोगाचं कुलूप घातलं.

अमेरिकेने मार्च २०१२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत दावा लावला आणि आपण हरलो. ऑक्टोबर २०१४ मध्ये पहिला निकाल, जून २०१५ मध्ये अपिलाचा. तो निकाल वाचताना मराठी माणसाला ओशाळल्यासारखं होतं. १९९५ चा जो आंतरराष्ट्रीय करार आहे, माणूस, प्राणी आणि वनस्पती यांच्या आरोग्यासाठी घालायच्या निर्बंधांचा, त्यात दोन साध्या अटी आहेत. निर्बंधाला शास्त्रीय आधार दाखवा, आणि स्वतःला एक व दुसऱ्याला एक असा न्याय लावू नका. आपल्याकडे धोक्याचं रीतसर मूल्यमापन नव्हतं. आणि नवापूरचा दहा किलोमीटरचा घेर आपल्याच विरुद्ध साक्षीला उभा राहिला: तुमच्याकडे रोग निघाला तर दहा किलोमीटर, आमच्याकडे निघाला तर अख्खी अमेरिका? त्याहून वाईट म्हणजे सौम्य प्रकारच्या बर्ड फ्लूवर आपण परदेशी कोंबडी अडवत होतो, पण तो आपल्या कोंबड्यांत आहे की नाही हे शोधणारी व्यवस्थाच आपल्याकडे धड नव्हती. जो रोग आपण शोधतच नाही तो आपल्याकडे नाही, असा युक्तिवाद न्यायाधीशांपुढे करणं म्हणजे कठीणच.

पुढे अमेरिकेने वर्षाला ४५ कोटी डॉलरची भरपाई वसूल करण्याची परवानगी मागितली. प्रकरण रेंगाळत राहिलं आणि सप्टेंबर २०२३ मध्ये, दिल्लीत जी-२० परिषद भरायच्या तोंडावर, मिटलं. कसं मिटलं? आपण गोठवलेली टर्की, बदक, ब्लूबेरी आणि क्रॅनबेरी यांच्यावरचं शुल्क उतरवलं. आजाराच्या नावाने सुरू झालेलं भांडण ब्लूबेरीवर संपलं. पाहुणे यायच्या आत घरातलं भांडण मिटवायचं म्हणून जे हाताला लागलं ते देऊन टाकलं.

मी पोल्ट्रीवाल्यांच्या विरोधात नाही. त्यांना संरक्षण हवं होतं आणि ते द्यायलाही हवं होतं. पण संरक्षण द्यायचं तर ते शुल्काच्या रूपाने, अनुदानाच्या रूपाने, उघड द्या. रोगाची भिंत उभारायची असेल तर ती घरातल्या रोगालाही तेवढ्याच उंचीची लागते.

मलेशियाच्या बाबतीत आपण निदान आरोग्याचं सोंग घेतलं नव्हतं. सप्टेंबर २०१९ मध्ये तिथले तेव्हाचे पंतप्रधान महाथीर मोहम्मद संयुक्त राष्ट्रांत काश्मीरबद्दल बोलले आणि जानेवारी २०२० मध्ये आपण रिफाइन्ड पामतेलाची आयात निर्बंधित यादीत टाकली. अधिकृतपणे कोणी संबंध जोडला नाही, पण क्वालालंपूरला समजायचं ते समजलं. त्या तेलात विष आहे असं मात्र आपण म्हटलं नाही. त्यामुळे पुढे संबंध सुधारल्यावर आपल्याला आपलेच शब्द गिळावे लागले नाहीत.

आता दुधाचं पाहा. अमेरिकेशी व्यापाराच्या वाटाघाटींत दूध हा कायम अडणारा विषय. परदेशी दुग्धजन्य पदार्थ आणायचे तर त्या गाईच्या खाद्यात दुसऱ्या जनावरांचं मांस, रक्त, हाडांचा चुरा नव्हता असं प्रमाणपत्र आपण मागतो. अमेरिकेने १९९७ पासून गाईंना गाईगुरांचं मांस-हाडं खाऊ घालायला बंदी केली आहे, पण रक्तापासून केलेलं खाद्य आणि डुकरांचे काही अंश त्यातून सुटले. त्यांच्या गोठेवाल्यांना आपलं प्रमाणपत्र जाचक वाटतं आणि त्यांचं व्यापार खातं दरवर्षी त्याबद्दल तक्रार लिहितं. २०२५ मध्ये हा वाद शिगेला पोचला. ७ ऑगस्टला दिल्लीत स्वामिनाथन जन्मशताब्दीच्या परिषदेत पंतप्रधानांनी सांगितलं की शेतकरी, पशुपालक आणि मच्छीमार यांच्या हिताशी तडजोड करणार नाही. त्याच महिन्याच्या २७ तारखेपासून आपल्या मालावर ५० टक्के शुल्क लागलं.

या एका आक्षेपात तीन वेगवेगळ्या गोष्टी कोंबलेल्या आहेत. एक आरोग्याची: मॅड काऊ जनावराला जनावर खाऊ घातल्यानेच पसरला, हे खरं आहे. दुसरी धर्माची: मांस खाल्लेल्या गाईचं दूध देवापुढे ठेवायला लोकांना चालत नाही. तिसरी पोटाची: आठ कोटींहून अधिक घरं दुधावर चालतात, आणि कोल्हापूर-सांगली-नगरकडच्या दोन म्हशीवाल्या बाईला विस्कॉन्सिनच्या हजार गाईंच्या गोठ्याशी लढायला लावणं हा अन्याय आहे. मला विचाराल तर तिसरी सगळ्यांत भक्कम आहे, आणि तीच आपण सगळ्यांत दबक्या आवाजात सांगतो. भावनेला जगात थोडाफार मान आहे. आरोग्याचा मुद्दा काढला की मात्र समोरचा उलट विचारणार, तुमच्या गाई काय खातात?

याचं उत्तर आपल्याकडे काय आहे? अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने गोळा केले. बरीचशी बातमी चांगली होती, भेसळ लोक समजतात तेवढी निघाली नाही. पण ५.७ टक्के नमुन्यांत अफ्लाटॉक्सिन मर्यादेपेक्षा जास्त सापडलं. हे विष बुरशीचं. पेंडीला, मक्याला ओल लागून बुरशी धरली की ते गाईच्या पोटात आणि तिथून दुधात उतरतं. म्हणजे खाद्याचा प्रश्न आपल्या गोठ्यातही आहे. शहरात तर कचराकुंडीवर चरणाऱ्या गाई आपण रोज पाहतो. त्यांचं दूध कुठे जातं हे आपण कधी विचारतो का?

जनुक बदललेल्या (जीएम) पिकांबाबत तर आपली गोंधळाची परंपरा आहे. १ मार्च २०२१ पासून २४ पिकांच्या आयातीसाठी 'हे जीएम नाही' असं प्रमाणपत्र सक्तीचं झालं. त्याच ऑगस्टमध्ये कोंबडीखाद्य महाग झालं म्हणून १२ लाख टन जीएम सोयाबीनची पेंड आणायला परवानगी दिली, न्हावाशेवा बंदरातून. लातूरला सोयाबीनचा भाव दहा हजारांच्या घरात गेला होता, तो दिवाळीपर्यंत जवळपास निम्म्यावर आला. नवीन पीक बाजारात येत होतंच, सगळा दोष पेंडीचा नाही. पण शेतकऱ्याला जे दिसलं ते दिसलं: भाव चढला की जीएम चालतं. दरम्यान अर्जेंटिना-ब्राझीलचं सोयातेल आपण कित्येक वर्षं खातो आहोत, ते बहुतेक जीएम सोयाबीनचंच. आणि २००२ पासून विदर्भ-मराठवाड्यात बीटी कापूस आहे, त्याची सरकी पेंड गुरं खातात, सरकीचं तेल फरसाणात जातं. उद्या अमेरिकन मका आरोग्याच्या कारणाने अडवायचा झाला तर समोरचा वकील हीच यादी वाचून दाखवेल. मका अडवू नये असं मी म्हणत नाही. अडवण्याचं कारण खरं असावं आणि ते रोज बदलू नये, एवढंच म्हणतो.

परदेशी धान्याशी आपलं नातं तसं दुखरं आहे. १९७२ च्या दुष्काळात ज्यांनी सुकडी आणि लाल मिलो (बाहेरून आलेली ज्वारी) खाल्ली त्यांना ते सांगायला नको. त्याआधी १९६५-६७ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन साहेबांनी गव्हाची जहाजं महिन्या-महिन्याच्या हिशेबाने सोडली होती, कारण व्हिएतनामवर भारताचं तोंड चालत होतं. आणि गाजरगवत! पुण्यात त्याची नोंद १९५५ च्या सुमाराला झाली आणि ते अमेरिकन गव्हातून आलं असं घराघरांत सांगतात. तेव्हा आपल्याला निवडीला जागा नव्हती. भुकेल्याने ताटातल्या खड्यांबद्दल तक्रार करायची नसते. आज आपली गोदामं भरलेली आहेत, म्हणून तर आज नीट नियम करायची ऐपत आहे.

नियम करता येतात, आणि आपल्याच शेतकऱ्याकडून पाळूनही घेता येतात, हे आपल्याला माहीत आहे. द्राक्षांनी ते दाखवलं. २००३ मध्ये नेदरलँड्सला गेलेल्या द्राक्षांत कीटकनाशकांचे अंश जास्त निघाले आणि माल नाकारला गेला. मग अपेडाने, म्हणजे शेतमालाची निर्यात पाहणाऱ्या केंद्राच्या संस्थेने, ग्रेपनेट ही व्यवस्था सुरू केली. बागायतदाराने प्लॉटची नोंद करायची, काय फवारलं आणि कधी ते वहीत लिहायचं, काढणीआधी प्रयोगशाळेचा माणूस येऊन घड कापून नेणार, आणि मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या देखरेखीखालच्या यंत्रणेत अंश मोजले जाणार. रॉटरडॅमच्या पेटीवरून नाशिकच्या वा तासगावच्या प्लॉटपर्यंत माग काढता येतो. तरी २०१० मध्ये पुन्हा तडाखा बसला. खरड छाटणीनंतर काडीची वाढ रोखायला बागायतदार सर्रास सीसीसी हे रसायन वापरत. युरोपची मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम, आणि आपण ते तपासतच नव्हतो. कंटेनरच्या कंटेनर अडकले. कर्ज काढून बाग उभी केलेली माणसं त्या वर्षी कोलमडली. युरोपने तेव्हा जरा माणुसकी दाखवायला हवी होती असं मला अजूनही वाटतं, कारण वर्षभरापूर्वी केलेल्या फवारणीची शिक्षा पिकलेल्या घडांना झाली. पण दुसऱ्या हंगामापासून सीसीसी यादीत आलं आणि बागायतदार सावध झाले. दोन एकरवाला शेतकरी हे करू शकत नाही असं जे म्हणतात त्यांनी एकदा दिंडोरीला जाऊन यावं.

आंब्याचंही असंच. १९८९ पासून अमेरिकेचं दार आपल्या आंब्याला बंद होतं. बुश मार्च २००६ मध्ये दिल्लीला आले, अणुकराराच्या गोडव्यात आंब्याचंही ठरलं, आणि एप्रिल २००७ मध्ये लासलगावच्या कृषक केंद्रात गॅमा किरणांखालून गेलेला हापूस न्यूयॉर्कला उतरला. त्याच महिन्यात आपण हार्ले-डेव्हिडसनच्या मोटारसायकली यायला वाट मोकळी केली. आंबा द्या, फटफटी घ्या. हा सौदा होता यात शंका नाही, पण नुसता सौदा नव्हता. किरणांचा डोस मोजलेला होता, त्याने कोयकिड्याची पैदास थांबते हे सिद्ध केलेलं होतं. १ मे २०१४ पासून युरोपने फळमाशी वगैरे किडींमुळे आपला आंबा, वांगी, कारली, पडवळ आणि अळू बंद केलं (लंडनमधल्या मराठी घरांत त्या वर्षी अळूचं फदफदं कसं केलं असेल कोण जाणे), तेव्हा इथे कोकणावर अन्याय म्हणून गहजब झाला. पण आधीच्या वर्षी २०७ खेपांत कीड सापडली होती. आपण प्रक्रिया सुधारली, जानेवारी २०१५ मध्ये आंब्यावरची बंदी मुदतीआधीच उठली. भावनेच्या भाषणांनी ती उठली नसती.

म्हणजे बाहेरच्यांसाठी आपण जमवतो. घरच्यांसाठी नाही. हेच आपल्या परराष्ट्र धोरणाचंही दुबळं अंग आहे असं मी म्हणतो, आणि ते दिल्लीच्या वाटाघाटीत नाही, आपल्या मंडईत तयार होतं. 'एक्सपोर्टचा माल' आणि 'लोकलचा माल' हे शब्द आपल्या इतके अंगवळणी पडले आहेत की त्यात काही विपरीत आहे असं कोणाला वाटत नाही. निर्यातीची तपासणी व्यापार खात्याकडे, देशातल्या अन्नाची आरोग्य खात्याकडे आणि राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे. पहिल्याकडे परकीय चलनाची निकड आहे. दुसऱ्यांकडे दिवाळीत खव्याच्या धाडी आहेत.

एप्रिल २०२४ मध्ये हाँगकाँग आणि सिंगापूरने दोन मोठ्या भारतीय ब्रँडचे मसाले मागे घ्यायला लावले, त्यांत इथिलिन ऑक्साइड हे कीटकनाशक सापडलं म्हणून. आपली पहिली प्रतिक्रिया होती देशाच्या बदनामीची. दुसरी, निर्यातीच्या मालाची सक्तीने तपासणी. त्याच एप्रिलमध्ये, भारतात नोंदणी नसलेल्या कीटकनाशकांची मसाल्यांतली सरसकट मर्यादा किलोला ०.०१ वरून ०.१ मिलिग्रॅम करण्यात आली. प्राधिकरणाने खुलासा केला की हे शास्त्रीय सल्ल्यानेच आणि फक्त मसाल्यांपुरतं आहे, बातम्या खोडसाळ आहेत. असेलही. पण ज्या महिन्यात हाँगकाँग तुमची पुडी परत पाठवतं त्या महिन्यात घरची मर्यादा दहापट सैल करणाऱ्याने आपल्यावर विश्वास ठेवला जावा अशी अपेक्षा करू नये.

चीनच्या दुधाची बंदी हेही असंच एक उदाहरण. २००८ मध्ये चिनी दुधात मेलामाइन मिसळल्याने तीन लाखांच्या आसपास मुलं आजारी पडली, सहा दगावली. आपण सप्टेंबरातच बंदी घातली, अगदी योग्य. मुळात तीन महिन्यांची ती बंदी वाढत वाढत गेली आणि २०१९ मध्ये असं ठरलं की आपल्या बंदरांवरच्या सर्व प्रयोगशाळा मेलामाइन तपासायला सक्षम होईपर्यंत ती चालू राहील. अकरा वर्षांनी! चिनी दूध न आल्याचं मला काडीचंही दुःख नाही. पण बंदीचं कारण चीन राहिला नव्हता, आपली प्रयोगशाळा झाली होती.

यावर नेहमीचा सवाल येतो: जग लबाड आहे, मग आपणच का साधू व्हायचं? चीन मासळीचं हत्यार वापरतो, आपण कोंबडीचं वापरलं तर बिघडलं कुठे? बिघडलं ते निकालात दिसलं. चीनची लबाडी खपते कारण त्याच्या बाजारावाचून इतरांचं अडतं. आपलं वजन अजून तेवढं नाही. ज्याचं वजन कमी त्याला कागद पक्के लागतात, हे गावातल्या कुठल्याही बांधाच्या भांडणात दिसतं.

दुसरा सवाल जास्त गंभीर आहे: युरोपच्या मर्यादा इथे लावल्या तर भाजी महाग होईल, गरिबाने काय खायचं? सगळ्या मर्यादा एकदम लावा असं कोणी म्हणत नाही. पण आकडा एकच असावा, गाठायला मुदत वेगळी असू द्या. आणि धोक्याचं मूल्यमापन वाटाघाटी सुरू व्हायच्या आधी, वाटाघाटी करणाऱ्यांचा हात न लागता व्हावं आणि लोकांपुढे ठेवावं. मका असो, दूध असो, तंगड्या असोत. आमच्या शास्त्रज्ञांचा अहवाल हा आहे, तो गेल्या वर्षीच छापला आहे, आणि हाच नियम लातूरच्या गिरणीलाही आहे, असं म्हणता आलं की मग समोर कोण बसलंय याने फरक पडत नाही. नाकारलेल्या आयातीची सूचना देणारी व्यवस्था प्राधिकरणाने २०२४ मध्ये सुरू केली, तिचं मी स्वागत करतो. तशीच यादी देशात नापास झालेल्या मालाची, कारणासकट, कोणालाही घरबसल्या पाहता येईल अशी, का नाही? युरोपात ती आहे. आपल्या मालाचे दोष आपल्याला तिथूनच कळतात.

फेब्रुवारीत आमच्या चौकात द्राक्षांच्या हातगाड्या लागतात. परवा गाडीवाला ओरडत होता, "एक्सपोर्टचा माल, एक्सपोर्टचा माल!" टपोरे, एकसारखे मणी, वर पांढरी साय धरल्यासारखी. मी म्हटलं, "अरे, एक्सपोर्टचा आहे तर इथे कसा?"

तो हसला. "परत आला असेल काका."

"का परत आला?"

"ते आपल्याला काय माहीत," तराजूत घड टाकत तो म्हणाला. "धुऊन खायचा. किती देऊ?"